रोमची खेळाडूंची घरं आणि कमी सामानात मोठं छप्पर उभारणारे इंजिनिअर : पिएर लुईजी नेर्वी



मागच्या महिन्यात पाचवीच्या वर्गात मिल्खा सिंग यांची गोष्ट सांगत होते. १९६० साल, रोम शहर, ४०० मीटरची शर्यत, थोडक्यात हुकलेलं पदक. वर्ग अगदी रंगून गेला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, की जगभरातून आलेले एवढे सगळे खेळाडू राहिले कुठे? आणि खेळ संपल्यावर त्या घरांचं काय केलं? आमच्या गावच्या जत्रेत मांडव घालतात आणि जत्रा संपली की सोडतात, तसं सोडून टाकलं का?

मला काहीच उत्तर देता आलं नाही. डी.एड.ला असताना ऑलिंपिकची पाच वर्तुळं, ज्योत, पदकं एवढंच शिकले होते. घरी येऊन वाचायला बसले आणि वाचता वाचता एका इंजिनिअरपाशी येऊन थांबले. पिएर लुईजी नेर्वी. आज मोठ्या क्रीडास्पर्धा आल्या की पर्यावरणपूरक स्टेडियम, शाश्वत क्रीडाग्राम असे शब्द सारखे कानावर येतात. नेर्वींच्या काळी हे शब्द नव्हते. पण कमीत कमी सामान वापरून जास्तीत जास्त जागा कशी झाकायची, या एका प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. म्हणून पर्यावरणाच्या पाठाला जोडून त्यांचं चरित्र सांगावंसं वाटलं.

नेर्वी यांचा जन्म २१ जून १८९१ रोजी उत्तर इटलीतल्या सोंद्रिओ या डोंगराळ भागातल्या गावी झाला. १९१३ मध्ये ते बोलोन्या विद्यापीठातून स्थापत्य अभियंता झाले. तेव्हा लोखंडी सळया घातलेलं काँक्रीट ही तशी नवी चीज होती. बोलोन्यातल्या एका काँक्रीट कंपनीत ते नोकरीला लागले, मध्ये पहिलं महायुद्ध आलं, सैन्याच्या इंजिनिअर दलात काम केलं, परत आले आणि १९२० च्या दशकात रोममध्ये भागीदारीत स्वतःची बांधकाम कंपनी काढली. पुढे १९३२ मध्ये बार्तोली या आपल्या नातेवाइकाबरोबर दुसरी कंपनी काढली, ती बरीच वर्षं चालली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नेर्वी नुसते नकाशे काढणारे नव्हते, तर ठेकेदारही होते. त्या काळी इटलीत बऱ्याच कामांचं टेंडर असं निघायचं की ज्यानं भरायचं त्यानंच आराखडा द्यायचा, त्यानंच किंमत सांगायची आणि त्यानंच बांधून द्यायचं. म्हणजे आराखड्यात जास्तीची सळई पडली तर तिचे पैसे यांच्याच खिशातून जाणार! काटकसर त्यांच्या डोक्यात शिरली ती अशी, धंद्यातून. आपल्याकडची एखादी गृहिणी महिन्याचा किराणा भरताना जो हिशेब करते, तोच हिशेब हा माणूस शंभर मीटरच्या छपराचा करायचा.

त्यांचं नाव झालं ते फ्लॉरेन्स शहराच्या स्टेडियममुळे. १९३० ते १९३२ या काळात ते बांधलं गेलं. प्रेक्षकांच्या मुख्य सज्ज्यावर वीस मीटरहून जास्त पुढे आलेलं छप्पर आहे आणि पुढच्या कडेला त्याला एकही खांब नाही. मुलांना हे सांगताना मी एकाला हात आडवा लांब करून पाण्याची बादली धरायला सांगितलं. थोड्याच वेळात खांद्यावर ताण कुठे येतो हे त्याच्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांना कळलं. नेर्वींनी तो ताण नेमका जिथे येतो तिथेच काँक्रीट जाड केलं, बाकी ठिकाणी बारीक होऊ दिलं. गिलावा नाही, संगमरवराचे पातळ तुकडे चिकटवणं नाही, नक्षी नाही. स्टेडियमच्या बाहेरच्या अंगाला वळत वर जाणारे जिने तेवढे आहेत. तेही सजावट म्हणून नाहीत, लोकांना वर पोचवायला आहेत. पण बघणारा बघतच राहतो.

त्या काळी इटलीत मुसोलिनीची राजवट होती आणि या स्टेडियमला एका फासिस्ट कार्यकर्त्याचं नाव दिलं होतं. नेर्वींनी त्या राजवटीची कामं घेतली, हवाई दलासाठी विमानांचे हँगरही बांधले. चरित्र सांगताना हा भाग गाळू नये असं मला वाटतं. थोर माणसांच्या चरित्रात आपण फार साखर घालतो आणि मग मुलं मोठी झाल्यावर दुसरीकडून काहीतरी वाचतात आणि आपल्यावरचा विश्वास घालवतात.

हँगरची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. १९३५ मध्ये इटलीनं इथिओपियावर हल्ला केला, त्यामुळे राष्ट्रसंघानं इटलीवर आर्थिक निर्बंध घातले. देशात आधीच कमी असलेलं पोलाद आणखी दुर्मीळ झालं. अशा वेळी विमानं ठेवायला प्रचंड छपरं हवी होती, सुमारे शंभर मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद, मध्ये खांब नसलेली. नेर्वींनी तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची जाळी केली, विणलेल्या टोपलीसारखी. त्या काळी कॉम्प्युटर नव्हते. अशा छपराचं गणित कागदावर सुटेना, तेव्हा सेल्युलॉइडचं छोटं मॉडेल करून मिलानच्या प्रयोगशाळेत त्यावर वजन टाकून पाहिलं. पहिले हँगर जागेवरच ओतले, त्याला सेंटरिंगसाठी अफाट लाकूड लागलं. ते नेर्वींना खटकलं. पुढच्या हँगरच्या कमानींचे तुकडे त्यांनी जमिनीवर साच्यात पाडले आणि वर नेऊन जोडले. सामान आणि लाकूड दोन्ही वाचलं.

१९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं हे हँगर सुरुंग लावून पाडले. एवढ्या वर्षांची मेहनत जमीनदोस्त झाली. पण पडलेल्या ढिगाऱ्यात पाहिलं तर तुकड्यांचे सांधे बहुतेक शाबूत होते. तुकडे जोडून केलेलं काम एकसंध कामाइतकंच पक्कं असतं याचा असा पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेत मिळाला नसता!

आता या चरित्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग. युद्धाच्या दिवसांत सळया नाहीत, लाकूड नाही. नेर्वींनी बारीक तारेच्या जाळीचे थर एकावर एक ठेवले आणि त्यात सिमेंट-वाळूचा मसाला दाबून भरला. खडी नाही. हेच फेरोसिमेंट. तसं पाहिलं तर फ्रान्समध्ये लांबो नावाच्या गृहस्थांनी १८४८ च्या सुमारास तारेवर सिमेंट थापून होडी केली होती, पण ती कल्पना मागे पडली होती. सिमेंट दाबलं तर मजबूत, पण ओढलं की तडकतं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. नेहमीच्या काँक्रीटमध्ये सळया लांब लांब असतात, त्यामुळे मधल्या भागात तडा गेला की तो वाढत जातो. फेरोसिमेंटमध्ये तडा निघाला की थोड्याच अंतरावर त्याला तार आडवी येते. म्हणून ते पातळ ठेवलं तरी चालतं, थोडं वाकतंसुद्धा. आमच्या शाळेच्या आवारात पावसाच्या पाण्याची जी गोल टाकी आहे ती याच पद्धतीची. आठ वर्षं रोज बघतेय, पण तिचं आणि रोमच्या घुमटाचं नातं असेल हे मनातही आलं नव्हतं. मुलांना टाकीजवळ नेऊन तिची कड बोटांनी मोजायला लावली.

नेर्वींनी फेरोसिमेंटची पहिली परीक्षा घेतली ती रोममधल्या एका लहानशा गोदामावर. भिंत आणि छप्पर फक्त तीन सेंटिमीटर जाड. मग त्यांनी चक्क १६५ टनांचं एक जहाज बांधलं, त्याच्या कवचाची जाडी ३५ मिलिमीटर. जहाजाला नाव दिलं ‘इरेन’, त्यांच्या पत्नीचं नाव. स्वतःच्या पद्धतीवर किती विश्वास असेल बघा, बायकोचं नाव दिलेलं जहाज बुडून चालणार होतं का?

१९४८-४९ मध्ये तूरिन शहरात प्रदर्शनासाठी मोठं दालन बांधायचं होतं. वेळ कमी आणि टेंडर चुरशीचं. नेर्वींनी फेरोसिमेंटचे लाटांसारखे वळलेले पातळ तुकडे जमिनीवर पाडले, ते वर नेऊन बसवले आणि लाटांच्या शेंड्यांवर व तळांत काँक्रीट ओतून सगळं एकजीव केलं. ही लाट का हवी ते वर्गात दाखवायला एक साधा कागद पुरतो. दोन पुस्तकांवर कोरा कागद आडवा ठेवा, तो मधे झुकतो. त्याच कागदाला हातपंख्यासारख्या घड्या घाला आणि वर डस्टर ठेवा. डस्टर राहतं! कागद तोच, वजन तेच, फक्त आकार बदलला. माझ्या वर्गात एका गटानं सहा खडू आणि एक कंपास पेटी ठेवून दाखवली. पुढे २००६ मध्ये तूरिनला हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा याच प्रदर्शन संकुलात बर्फ अंथरून आइस हॉकीचे सामने घेतले गेले. नवं स्टेडियम बांधण्याऐवजी अर्ध्या शतकापूर्वीचं छप्पर वापरलं.

आता येऊ रोमला. १९६० चं ऑलिंपिक रोमला मिळालं आणि नेर्वींना एकाच शहरात चार मोठी कामं करायला मिळाली. वय साठीच्या पुढे गेलेलं.

पहिलं काम ‘पालात्सेत्तो देल्लो स्पोर्त’, म्हणजे खेळांचा छोटा महाल. आर्किटेक्ट आनिबाले व्हितेलोत्सी यांच्याबरोबर ते १९५६-५७ मध्ये बांधलं. सुमारे ६० मीटर व्यासाचा घुमट, आत चार-पाच हजार माणसं बसतात आणि मध्ये एकही खांब नाही. घुमटासाठी १,६२० तुकडे जमिनीवर पाडले, बहुतेक शंकरपाळ्याच्या आकाराचे. ते परातीवर ओळीत शंकरपाळे मांडावेत तसे वर मांडले, मधल्या फटींत सळया घालून काँक्रीट ओतलं. गंमत अशी की हे तुकडे म्हणजेच साचा आणि हेच तुकडे म्हणजे आतून दिसणारं तयार छत. साचा काढून फेकायचा प्रश्नच नाही. घुमट सुमारे ४० दिवसांत उभा राहिला.

एवढा घुमट बाहेरच्या बाजूला पसरायला बघतो. पाय फाकवून उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय गुळगुळीत फरशीवर सरकायला लागतात तसा. त्यासाठी बाहेरून ३६ तिरपे आधार आहेत, वरून दोन हात पसरलेल्या माणसांसारखे. घुमटाचा जोर ज्या दिशेनं खाली येतो त्याच तिरकसपणात ते उभे आहेत, म्हणून ते बारीक असूनही पुरतात. तो जोर शेवटी जातो जमिनीखाली पुरलेल्या ८० मीटरहून मोठ्या काँक्रीटच्या कड्यात. कडं आतल्या आत ताणून धरतं, पिंपाला पट्टी असते ना, तसं. घुमटाच्या कडेखाली काचांची पट्टी आहे आणि माथ्यावर झरोका आहे, त्यामुळे दिवसा भरपूर उजेड आत येतो. या सभागृहात तेव्हा वेटलिफ्टिंग आणि बास्केटबॉलचे सामने झाले.

दुसरं काम याचंच थोरलं भावंड, सुमारे १०० मीटर व्यासाचं, शहराच्या दक्षिण भागात. मार्चेल्लो पियाचेन्तीनी हे त्याचे आर्किटेक्ट. कॅशिअस क्ले या अठरा वर्षांच्या मुलानं तिथेच बॉक्सिंगचं सुवर्णपदक मिळवलं. हाच पुढे मुहम्मद अली झाला.

तिसरं काम फ्लामिनिओ स्टेडियम. मुलगा आंतोनिओ आर्किटेक्ट होता, बापलेकांनी मिळून ते केलं. जागा नवी घेतली नाही, जुनं स्टेडियम होतं तिथेच बांधलं. आणि सज्ज्याखालची जी पोकळ जागा एरवी वाया जाते, तिथे पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा बसवल्या. आपल्याकडे कितीतरी मैदानांच्या गॅलरीखाली तुटकी बाकं आणि जाहिरातींचे फलक कोंबलेले असतात! एका तालुक्याच्या ठिकाणी मी मुलांना कबड्डीला घेऊन गेले होते, तिथे गॅलरीखाली खोल्या होत्या, पण कुलूपबंद, आणि मुलींना कपडे बदलायला जागा नव्हती. आम्ही बसमध्येच पडदे लावून भागवलं. फ्लामिनिओचा नकाशा बघताना मला ती कुलपं आठवली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. ८३ देशांतून पाच हजारांहून जास्त खेळाडू आले होते. त्यांच्यासाठी क्रीडाग्राम उभं केलं ते फ्लामिनिओच्या शेजारच्या सखल जमिनीवर, जिथे युद्धानंतर बेघर लोकांची झोपडपट्टी झाली होती. लुईजी मोरेत्ती, आदाल्बेर्तो लिबेरा, व्हित्तोरिओ काफिएरो, व्हिन्चेन्त्सो मोनाको आणि आमेदेओ लुच्चिकेन्ती या पाच आर्किटेक्टनी ते आखलं. तेराशेहून अधिक घरं, बुटक्या इमारती, आणि इमारती खांबांवर उचललेल्या, त्यामुळे खाली सावली, वारा आणि चालायला मोकळी जमीन. मधे भरपूर झाडं. पैसा आला होता सरकारी कर्मचाऱ्यांना घरं बांधून देणाऱ्या संस्थेकडून. म्हणजे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं की ही घरं सरकारी नोकरांच्या कुटुंबांची आहेत आणि खेळाडू तिथे फक्त काही आठवड्यांचे पाहुणे. सप्टेंबरात खेळ संपले आणि पुढे कुटुंबं राहायला आली. मांडव सोडावा लागला नाही, कारण तो मांडव नव्हताच.

या वस्तीच्या मधोमध डोक्यावरून एक लांब उड्डाणपूल जातो. तो नेर्वींचं चौथं काम. पुलाच्या खांबांचा आकार खालून वर जाताना बदलत जातो. पूल मात्र वस्तीचे दोन भाग करतो आणि गाड्यांचा आवाज घरांत येतो. सगळं छान छान होतं असं नाही. मधल्या काही वर्षांत वस्तीची रयाही गेली होती. २००२ मध्ये शेजारी संगीताचं मोठं सभागृह झालं, तेव्हापासून भागाला परत बरे दिवस आले. त्या घरांत आजही माणसं राहतात.

सगळ्याच इमारतींचं नशीब असं नव्हतं. त्याच ऑलिंपिकसाठी बांधलेलं सायकल शर्यतीचं मैदान, जे नेर्वींचं नव्हतं, ते पुढे फारसं वापरात राहिलं नाही आणि २००८ मध्ये सुरुंगांनी उडवून दिलं. आणि खुद्द नेर्वींचं फ्लामिनिओ? २०११ पर्यंत तिथे रग्बीचे आंतरराष्ट्रीय सामने व्हायचे. नंतर सामने मोठ्या स्टेडियममध्ये गेले आणि हे बंद पडलं. पायऱ्यांतून गवत उगवलं. कमी सामानात बांधलं, तलाव बसवला, जुनी जागा वापरली, सगळं बरोबर केलं, पण रोज कोण वापरणार हे ठरलेलं राहिलं नाही तर पांढरा हत्तीच होतो. पंधरा मिनिटांच्या अंतरावर खेळाडूंची घरं भरलेली आणि स्टेडियम रिकामं. दोन्ही एकाच कामासाठी बांधलेली.

एक गोष्ट पालकांनी विचारण्याआधी मीच सांगते. सिमेंट ही काही हिरवी वस्तू नाही. जगात माणसामुळे जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्यातला ७ ते ८ टक्के सिमेंट तयार करताना निघतो. नेर्वींनी हा हिशेब केला नव्हता, त्यांचा हिशेब लिरांमध्ये होता. त्यांची पद्धत पुढे मागे पडली तीही हिशेबामुळेच. जाळी बसवणं, मसाला हातानं दाबणं, तुकडे पाडणं, यात माणसांचे हात फार लागतात. युद्धानंतरच्या इटलीत मजुरी स्वस्त होती. मजुरी वाढली तशी लोकांना जाड काँक्रीट ओतून मोकळं होणं परवडायला लागलं. सामान वाया गेलं तरी चालेल पण दिवस वाया जायला नकोत, असा व्यवहार. चूक कुणाची म्हणायची? गवंड्याला चांगली मजुरी मिळाली हे वाईट असं मी तरी म्हणणार नाही.

नेर्वींना मान खूप मिळाला. १९४६ ते १९६१ ते रोमच्या विद्यापीठात शिकवत होते, पुढे अमेरिकेत हार्वर्डला व्याख्यानांसाठी गेले. इंग्लंड आणि अमेरिकेच्या आर्किटेक्ट संस्थांनी त्यांना सुवर्णपदकं दिली, हे स्वतः आर्किटेक्ट नसताना. पॅरिसचं युनेस्कोचं मुख्यालय, मिलानचा पिरेल्ली मनोरा, सॅन फ्रान्सिस्कोचं चर्च यांतही त्यांचा हात आहे. ९ जानेवारी १९७९ रोजी रोममध्ये त्यांचं निधन झालं. आंतोनिओही त्याच वर्षी गेला.

फ्लॉरेन्सचं स्टेडियम अजून वापरात आहे. २०२० च्या सुमारास ते पाडून नवं बांधावं अशी मागणी जोरात होती, कायदाही तसा बदलला होता. तेव्हा जगभरातून आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि नेर्वींचे कुटुंबीय उभे राहिले. पाडायचं नाही, दुरुस्त करायचं, असं शेवटी ठरलं. जे उभं आहे ते पाडून नवं बांधण्यात किती सिमेंट, किती लोखंड लागतं, हा मुद्दाही आता अशा वादांत येतो.

आणि व्हॅटिकनमध्ये पोपच्या सभांसाठी नेर्वींनी १९७१ मध्ये पुरं केलेलं मोठं सभागृह आहे, लाटेसारख्या वळलेल्या छपराचं. त्या छपरावर मुळात काँक्रीटचे पत्रे बसवलेले होते. २००८ मध्ये ते काढून त्यांच्या जागी सुमारे २,४०० सौर पॅनेल बसवले. खालचं छप्पर जसंच्या तसं आहे.